मडगार्डातला नैवेद्य

अहमदपुरातून नांदेडच्या रस्त्याला लागलं की वस्ती संपता संपता डाव्या हाताला जुन्या टायरांचा ढीग दिसतो. ढिगामागे पत्र्याचं दुकान आहे आणि दुकानात किशनराव आहेत, पण लांबून ढीगच आधी दिसतो, कारण किशनराव उंचीला बेताचे. वय छप्पन्न. अंगातल्या शर्टाचा मूळ रंग कोणता होता हे फक्त त्यांच्या बायकोला, केवळाबाईंना, सांगता येईल, आणि त्याही आता नक्की सांगत नाहीत.

तीस वर्षं हा माणूस टायर बसवतो आहे. ट्रॅक्टरचे, ट्रॉलीचे, बैलांच्या टायरगाडीचे. झिजलेल्या टायरवरून हात फिरवून ते मालकाच्या शेताची माती सांगतात, नांगरट किती खोल होते ते सांगतात, आणि ट्रॅक्टर मालकाचं पोरगं चालवतं की पगारी ड्रायव्हर हेही सांगतात. यातलं निम्मंच खरं निघतं. पण सांगण्यात खात्री अशी, की ज्याचं चुकीचं सांगितलं तोही घरी जाऊन विचारात पडतो. दुकानात मोजायची टेप आहे, ती खिळ्याला लटकून गंजली. किशनराव बोटांनी मोजतात. दोन बोटं, चार बोटं, वीत.

"माझ्या हातचं काम माघारी आलेलं न्हाई," हे वाक्य ते दिवसातून दोनचारदा सहज बोलून जातात. त्यात खोटं काही नव्हतं. ट्रॅक्टरवाली गिऱ्हाइकं वीस-वीस वर्षं टिकून होती.

मनात सल होता तो कारवाल्यांचा. लातूर रोडला एक काचेचं टायरचं दुकान झालं, आत गार हवा, बसायला सोफा आणि चाकं तपासायला कॉम्प्युटर. अहमदपुरातल्या झाडून सगळ्या कार तिकडं जाऊ लागल्या. किशनरावांकडे कार थांबायची ती हवेपुरती. इंजिन चालूच, काच दोन इंच खाली, आतून फक्त आवाज: "चारी चाकांत हवा मारा." हवा मारून किशनराव उठेपर्यंत काच वर गेलेली असायची. याचा त्यांना राग यायचा, आणि राग आल्यावर ते केवळाबाईंशी भांडायचे, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून त्या बुधवारी दुकानासमोर गडद लाल कॉन्टेसा येऊन थांबली, आणि मुख्य म्हणजे तिचं इंजिन बंद झालं, तेव्हा किशनराव ढिगावरून उडी मारूनच खाली आले.

गाडीतून संगप्पा उतरले. उदगीरच्या मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले, अडत्ये. कपाळाला विभूती, अंगावर पांढरंशुभ्र धोतर आणि देह असा, की ते उतरल्यावर गाडीनं हुश्श केलं. त्यांच्या शेतातल्या ट्रॅक्टरचे टायर किशनरावांकडूनच जायचे, तेव्हा ओळख जुनी. मागोमाग त्यांचा मुलगा अमरेश उतरला. वडिलांच्या हट्टापायी सुट्टी काढून आलेल्या माणसाचा असतो तसा त्याचा चेहरा होता.

ही कॉन्टेसा संगप्पांनी तीस वर्षांपूर्वी नवी कोरी घेतलेली. मागच्या चाकांवर जोर असलेली गाडी. त्या काळी उदगीर-हैदराबाद रस्त्यावर तिच्या पुढं कुणी गेलं नाही, असं संगप्पा सांगतात. कंपनीनं दिलेला रंग अजून तसाच होता, कुठं ओरखडा म्हणून नाही. आता झालं असं, की हैदराबादला एका लग्नात त्यांनी अशीच एक जुनी गाडी पाहिली. तिचे मागचे टायर चांगले रुंद होते. तेव्हापासून संगप्पा सावकारांच्या डोळ्याला डोळा नव्हता. येत्या रविवारी नांदेडला जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि त्यात आपली गाडी तशी दिसलीच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

"मागून अशी बसली पाहिजे बगा," ते म्हणाले, "मी गादीवर बसतो ना, तशी."

"अप्पा, वय काय, करून काय राहिलो आपण," अमरेश म्हणाला.

"वय कुणाचं? गाडीचं का माझं?"

रुंद टायर आणि ते ज्यावर चढतात त्या रुंद लोखंडी डिस्क त्यांनी हैदराबादहूनच आणल्या होत्या. लातूर रोडच्या काचवाल्यानं हात वर केले होते, कारण ही गाडी त्याच्या कॉम्प्युटरमध्येच नव्हती. "म्हणलं, आपले किशनराव हायेत की," संगप्पा म्हणाले. "फकस्त एक ऐका. पत्रा कापायचा न्हाई. रंगाला ओरखडा येऊ द्यायचा न्हाई."

किशनरावांनी आयुष्यात कॉन्टेसाचं चाक खोललेलं नव्हतं. हे सांगायला त्यांना एक क्षण मिळाला होता, तो त्यांनी जाऊ दिला. "लई सोपं काम हाय," ते म्हणाले.

दुपारपर्यंत टायर चढले. चाकाच्या वर मडगार्डाच्या कडेपर्यंत किशनरावांनी हात घातला. चार बोटं मोकळी. आतल्या पत्र्याच्या बाजूनं दोन बोटं. रुंद चाकं बाहेर मडगार्डाच्या अगदी काठापर्यंत आली होती आणि गाडी मागून खरोखरच गादीवर बसल्यासारखी दिसत होती. संगप्पांनी तीन वेळा मागं जाऊन पाहिलं. शेजारच्या टपरीवर चहा प्यायला आलेले चौघे-पाचजण फोटो काढून गेले. त्या रात्री किशनराव दोन भाकरी जास्त जेवले आणि केवळाबाईंना काही बोलले नाहीत, त्यामुळे त्यांनाच काळजी वाटली.

शुक्रवारी किशनरावांना शिरूर ताजबंदला जायचं होतं. स्टँडबाहेर काळीपिवळी जीप भरत होती आणि ते बाहेर उभे राहून विडीचा शेवटचा झुरका ओढत होते. ड्रायव्हर माणसं कोंबत होता. दोघं बसले. चौघं बसले. एक बाई दोन पिशव्या आणि सासूला घेऊन चढली. किशनरावांची नजर सवयीनं चाकावर होती, आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की चाकावरची मोकळी जागा कमी होत चालली आहे. वीतभर होती ती चार बोटं झाली. चौदावा माणूस मागं लोंबकळला, तेव्हा दोनच बोटं उरली.

किशनरावांच्या हातातली विडी खाली पडली.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पाटे, म्हणजे वजनानं दबणाऱ्या स्प्रिंगा, नसतात. चाक जिथं असतं तिथंच राहतं, वर मालक एकटा बसो की मालकाचं सगळं खानदान. बैलांच्या टायरगाडीलाही पाटे नसतात. ट्रॉलीला असतात, पण ट्रॉलीला मडगार्ड कुठून येणार? तीस वर्षांत किशनरावांना वजनानं गाडी खाली बसते आणि चाक वर मडगार्डात शिरतं, याचा विचार करायची वेळच आली नव्हती. त्यांनी चार बोटं मोजली ती रिकाम्या गाडीत. आणि आपल्याकडे गाडी कधी रिकामी जाते का? रविवारी त्या गाडीत संगप्पा असणार, अमरेश असणार, सावकारीणबाई सिद्धम्मा असणार आणि त्यांचे डबे असणार. रुंद टायर मडगार्डाच्या धारदार कडेला लागला तर रंग जाईल. वेगात लागत राहिला तर टायर फाटेल. माणसांनी भरलेली गाडी.

जीप त्यांना न घेताच निघून गेली. त्यांनी तिथूनच संगप्पांना फोन लावला. खरं काय ते सांगायचं म्हणूनच लावला होता.

"किशनराव!" पलीकडून आवाज आला. "आत्ताच तुमचं नाव काढलं. सगळ्या मोंढ्याला सांगून राहिलो, अमदपूरच्या किशनरावांनी बसवलंय म्हणून. लातूरवाल्याच्या बापाला जमलं नसतं!"

किशनरावांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते असं: "सावकार, ते... चाकाखाली लिंबू दाबायचं राहिलं."

"आमी केली की पूजा घरी."

"टायर बसवणाऱ्याच्या हातचं लिंबू लागतंय."

"आसं हाय व्हय?"

"हाव. लागतंय," किशनराव म्हणाले. आपण इतकं सफाईनं खोटं बोलू शकतो, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

घरी आल्यावर मात्र केवळाबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोनवर सांगायला काय झालं हुतं?"

"माझं काम माघारी आलं म्हणून गावभर हुईल की."

"माघारी तर आलंच. तुमीच बोलवून घेतलं."

किशनराव टायरच्या ढिगावर जाऊन बसले.

शनिवारी सकाळी कॉन्टेसा आली. किशनरावांनी बेत आखून ठेवला होता. वजन टाकून टायर कुठं लागतो ते पाहायचं, जिथं लागतो तिथली कड गुपचूप वळवायची आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही. टायर कुठं लागतो हे चाकामागं डोकं घालून दिसणार नव्हतं. म्हणून केवळाबाईंना त्यांनी मऊ कणीक मळायला लावली होती आणि आता मडगार्डाच्या आतल्या कडेनं तिचे छोटे छोटे गोळे ते चिकटवत होते. केवळाबाई परात धरून मान खाली घालून उभ्या होत्या.

"हे काय हो काका?" अमरेशनं विचारलं.

"नैवेद्य," किशनराव म्हणाले.

केवळाबाईंनी परात जरा जोरातच खाली ठेवली.

मग चारी चाकांखाली लिंबं आली. मग किशनराव म्हणाले, की लिंबू नीट फुटायला गाडीत वजन पाहिजे. घरातली सोयाबीनची दोन पोती डिकीत गेली. चहाच्या टपरीवरून तीन दणकट माणसं बोलावून मागच्या सीटवर बसवली. गाडी खाली बसली. किशनराव कानात प्राण आणून उभे. अमरेशनं गाडी हळूच पुढं घेतली, रस्त्याच्या कडेच्या खाचेत मागचं चाक गेलं आणि वर आलं. लिंबं फटाफट फुटली. टपरीवाल्यांनी हाताला येईल त्या देवाचा जयजयकार केला.

संगप्पा एवढा वेळ बाजूला खुर्चीवर बसून सगळं पाहत होते. ते उठले. जन्म मोंढ्यात गेलेला माणूस. पोत्याच्या तोंडाशी वाळका माल आणि तळाशी ओला, हे सळई खुपसायच्या आधीच विकणाऱ्याच्या तोंडावरून ओळखणारा. त्यांनी धोतर सावरलं, उजव्या चाकापाशी गुडघ्यावर बसले आणि आत हात घालून कणकेचा एक गोळा काढला. गोळा चपटा झाला होता. त्याच्यावर टायरची नक्षी जशीच्या तशी उमटली होती.

"किशनराव," ते म्हणाले, "नैवेद्य देवानं खाल्ला का टायरनं?"

टपरीवाले हसले. किशनराव हसले नाहीत. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांचं ते वाक्य त्यांच्या घशाशी आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"चुकलं, सावकार," ते म्हणाले. "मी रिकाम्या गाडीत माप घेतलं. ट्रॅक्टरला पाटे नसतात. ह्याला हायेत, ते ध्यानातच आलं न्हाई. काल कळलं. फोनवर सांगणार हुतो. लाज वाटली."

संगप्पांनी तो गोळा बोटांत चोळला. रागावून ओरडले असते तर किशनरावांना बरं वाटलं असतं, पण ते ओरडले नाहीत.

"चुकलं त्याचं काही न्हाई," ते शेवटी म्हणाले. "माल ओला निघतो. पाऊस काय माझ्या-तुमच्या हातात हाय? पर ओला हाय हे ठाऊक असून वाळका म्हणून पुढं केला, तिथं मला लागतंय. त्या गाडीत माझं घर बसणार हुतं."

"हाव," किशनराव म्हणाले.

"आता हुतंय का काही?"

"हुतंय. कापायचं न्हाई आन् ठोकायचं बी न्हाई. आतली कड वर वळवायची."

त्यासाठी त्यांनी केवळाबाईंचं मुसळ आणलं. बाभळीचं, गुळगुळीत, सासूकडून आलेलं. चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत मुसळ अडकवायचं, रंग तडकू नये म्हणून पत्र्यावर गरम पाण्यात पिळलेली फडकी ठेवायची, आणि गाडी दोन-दोन इंच पुढंमागं ढकलायची. चाकाबरोबर मुसळ फिरतं आणि पत्र्याची कड पोळी लाटावी तशी हळूहळू आतून वर वळते. केवळाबाई पाणी तापवत होत्या आणि दर वेळी "माझ्या मुसळाला चीर गेली तर बगा" असं बजावत होत्या. चार तास लागले. दोन्ही बाजूंच्या कडा वळल्या, रंगाला केसाएवढीही भेग गेली नाही. पुन्हा कणीक, पुन्हा पोती, पुन्हा तीन दणकट माणसं. या खेपेला गोळे गोल राहिले.

संगप्पांनी सगळे गोळे स्वतः मोजून पाहिले. मग म्हणाले, "उद्या सकाळी साताला येतो. तुमी दोघं बी चलायचं नांदेडला."

"आमी कशाला, सावकार?"

"तुमी मागं बसायचं. उजव्या चाकावर. घासलं तर तुमच्या बुडाखाली घासंल."

रविवारी थंडी चांगली होती. संगप्पा गाडी चालवत होते, शेजारी अमरेश, मागं डाव्या बाजूला सिद्धम्मा, मधे केवळाबाई मांडीवर मुसळ घेऊन, आणि उजव्या चाकावर किशनराव. डिकीत हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि सिद्धम्मांच्या मते वाटेत लागू शकतील अशा सगळ्या वस्तू. संगप्पांनी स्वतःकडची काच पूर्ण खाली केली होती आणि मान जरा बाहेर काढून ते मागच्या चाकाचा कानोसा घेत होते. वारा थेट मागच्या सीटवर येत होता.

"काच लावा री," सिद्धम्मा आपल्या कानडी वळणानं म्हणाल्या. "माणसं गारठून राहिलीत."

"ऐकू दे," संगप्पा म्हणाले.

किशनरावांना त्या उघड्या काचेचा अर्थ पुरता कळत होता. वीस वर्षं हा माणूस डोळे झाकून ट्रॅक्टरचे टायर आपल्याकडून नेत होता. आता कान बाहेर काढून बसला होता. आपणच आपल्या हातानं हे केलं, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

माळाकोळी मागं पडलं. पुढं रस्त्याचं काम चाललं होतं. एके ठिकाणी डांबर एकदम संपलं आणि गाडी खड्ड्यात बसून उठली. त्याच वेळी शेजारून एक टँकर दणदणत गेला. आणि किशनरावांच्या खाली, अर्धा सेकंद, खर्र झालं.

त्यांनी सगळ्यांची तोंडं पाहिली. टँकरच्या आवाजात संगप्पांना काही कळलं नव्हतं. अमरेश फोनमध्ये होता. सिद्धम्मा केवळाबाईंना हुग्गीत गहू किती भिजवायचे ते सांगत होत्या. साडेआठ वाजले होते, दहाला नांदेडात रांगेत गाडी लावायची होती. पुढचा रस्ता चांगला आहे, किशनरावांनी स्वतःला सांगितलं. एकदाच झालं. कदाचित झालंच नसेल, आपल्याला भास झाला असेल. असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं.

"सावकार, थांबवा," ते म्हणाले. "घासलं."

गाडी बाजूला थांबली. "मला तर काही ऐकू आलं न्हाई, काका," अमरेश म्हणाला.

"मला बी न्हाई," संगप्पा म्हणाले.

"मला आलं."

खाली उतरून पाहिलं तर टायरच्या खांद्यावर नखाएवढी चकाकणारी रेघ होती. कड एका जागी जरा कमी वळली होती. गाडी रिकामी केली, कडुलिंबाच्या झाडाखाली पातेलं आणि डबे मांडले, मुसळ फटीत घातलं. सिद्धम्मांनी खोकल्यासाठी आणलेलं थर्मासमधलं गरम पाणी फडक्यावर ओतलं. अमरेश आणि संगप्पा गाडी ढकलत होते, धोतर खोचलेले सावकार घामानं निथळत होते. सिद्धम्मांनी सुचवलं, की वजन कमी करायला हुग्गी इथंच खाऊन टाकावी, आणि पोटात गेलेली हुग्गी पुन्हा गाडीतच बसणार हे अमरेशनं त्यांना समजावून सांगेपर्यंत त्यांनी पाचजणांना वाढलीसुद्धा होती.

सगळं होईपर्यंत साडेनऊ वाजले. दहाची रांग आता चुकणार हे दिसतच होतं.

"होगली बिडरी," सिद्धम्मा नवऱ्याला म्हणाल्या, "जाऊ द्या, मागं उभी राहील गाडी. तसं बी तुमाला ती मागूनच दाखवायची हाय ना."

किशनराव हात पुसत उभे होते. "सावकार, आता बी शंभर टक्के सांगत न्हाई," ते म्हणाले. "लईच मोठा खड्डा आला तर पुन्यांदा लागू शकतंय. हळू न्यावी लागंल."

संगप्पांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग किल्ली अमरेशच्या हातात दिली, स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि सीट मागं केली. काल दिवसभराची दगदग आणि आत्ताची ढकलाढकल, माणूस थकला होता.

"अप्पा, काच?" अमरेशनं विचारलं. "तुमाला ऐकायचं आसंल ना?"

"लाव वर," संगप्पा डोळे मिटत म्हणाले. "घासलं तर किशनराव सांगत्यात की."

अमरेशनं काचा वर केल्या. गाडीत ऊब आली. किशनराव उजव्या चाकावर ताठ बसून होते, डोळे भरून आले होते आणि कान सगळे खाली लागले होते. केवळाबाईंनी ते पाहिलं आणि मुसळ दुसऱ्या मांडीवर घेऊन त्यांना टेकायला जागा करून दिली. लोहा गाव यायच्या आधीच सावकार घोरायला लागले.